मोठ्या कागदाचा स्कॅनर घ्यायचाय? आधी मोजायची टेप काढा

पारोळ्याकडचे एक आबा उपरण्यात गुंडाळलेला गावनकाशा घेऊन आमच्या दुकानात आले. कापडावर चिकटवलेला, आठ घड्यांचा, मधल्या घडीवर कागद उडालेला. काउंटरवर ठेवण्याआधीच त्यांनी विचारलं, "भाऊ, मशीनमा हाऊ फाटी जाई का?"

स्कॅनर विकायला आलेल्या कुणीही मला आजवर हा प्रश्न विचारलेला नाही. ते वेग सांगतात, डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपतं) सांगतात, हप्ता सांगतात. मोठा स्कॅनर निवडताना सुरुवात मात्र आबांच्या प्रश्नापासूनच करायची.

गठ्ठा मोजा

वाचनालय असो, आर्किटेक्टचं ऑफिस असो की जिनिंगचे जुने रोजमेळ. गठ्ठ्यातले सगळ्यात अडचणीचे वीस कागद बाजूला काढा. सगळ्यात रुंद, सगळ्यात चुरगळलेले, चिकटपट्टी लावलेले. प्रत्येकाची रुंदी टेपनं मोजून लिहा.

रुंदी अशासाठी, की रोलरच्या मशीनला मर्यादा रुंदीचीच असते. लांब कागद ते ओढत नेतं. ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी, ए१ म्हणजे ५९४ × ८४१, ए० म्हणजे ८४१ × ११८९. २४ इंची मशीनची रुंदी ६१० मिमी, म्हणजे ए१ कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून उरतात फक्त १६ मिमी. कागद जरासा तिरका गेला की कोपऱ्यातला शिक्का कापलाच. रोज ए१ येत असेल तर सरळ ३६ इंची बघा. त्यात ए०सुद्धा आरामात बसतो.

वर्तमानपत्राचं मोठं पान ए३ मापाच्या काचेच्या (फ्लॅटबेड) स्कॅनरवर मावत नाही. दोन तुकडे घेऊन जोडू म्हणणाऱ्यानं दहा पानं जोडून बघावीत, मग ठरवावं.

आणि हो, सगळे मिळून शंभर-दीडशेच कागद असतील तर मशीन घेऊच नका. जवळच्या प्लॉटरवाल्याकडून, म्हणजे मोठे नकाशे छापून देणाऱ्याकडून, करून घ्या.

रोलर, काच की वरून कॅमेरा

धडधाकट सुट्या कागदाला रोलरचा स्कॅनर. काम भराभर होतं. पण सेलोटेप लावलेला कागद त्यात गेला की गोंद रोलरला लागतो, आणि तो पुढच्या दहा कागदांना पुरतो. थोडा कमजोर कागद पारदर्शक पॉलिस्टर फिल्मच्या पाकिटात घालून सोडता येतो.

बांधलेल्या वह्या, खतावण्या आणि रजिस्टरांना वरून टिपणारा स्कॅनर लागतो. काचेच्या स्कॅनरसारखं पान उलटं दाबावं लागत नाही, शिवण तुटत नाही. दोन तोटे मात्र धरून चाला. शिवणीजवळचा बाक सॉफ्टवेअर सरळ करतं, पण तिथली अक्षरं थोडी ताणली जातात. दुसरा तोटा खास आपल्याकडचा: मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास असताना पंखा बंद ठेवायचा, कारण पान जरा फडफडलं की फोटो हलला. कूलरचा झोत तर टेबलाकडे नकोच.

धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी कागदपत्रं सांभाळतंय, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. तसल्या जातीचा कागद तुमच्याकडे असेल तर रोलरचा विचारच सोडा. वरचा कॅमेरा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड आणि धीर, एवढंच चालतं.

सीआयएस की सीसीडी

सीआयएस आणि सीसीडी हे चित्र टिपणाऱ्या सेन्सरचे दोन प्रकार. सीआयएस मशीनमध्ये सेन्सर काचेला लागूनच असतो. मशीन आटोपशीर, स्वस्त, वीज कमी. सपाट कागदाची रेघ ते झकास टिपतं. पण काचेपासून कागद दोन-तीन मिमी वर उचलला गेला, की तेवढा भाग धूसर. आबांच्या नकाशाच्या आठही घड्या अशाच राखाडी पट्ट्या होऊन आल्या. सीसीडीमध्ये भिंग आणि आरसे असतात, त्यामुळे थोडा उंच-सखल कागदही स्पष्ट येतो, रंगही जास्त खरे. ते महाग, आणि मोठ्या मशीनमध्ये दोन-तीन कॅमेऱ्यांची चित्रं जोडली जात असल्यानं जोड अधूनमधून तपासावा लागतो.

माझं मत विचाराल तर नवे ड्रॉइंग आणि ट्रेसिंगसाठी सीआयएस पुरे. कापडी नकाशे आणि घड्यांचे कागद अर्ध्याहून जास्त असतील तर कर्ज काढून सीसीडी घ्या.

डीपीआय आणि फाइल

"१२०० डीपीआय" ऐकलं की पहिला प्रश्न: ऑप्टिकल, म्हणजे सेन्सर खरोखर टिपतो ते, किती? उरलेले आकडे सॉफ्टवेअरनं फुगवलेले असतात, त्यात नवीन रेघ एकही येत नाही. नकाशा-ड्रॉइंगला बहुतेक वेळा ३०० पुरतं. बारीक अक्षरं, पेन्सिलीच्या खुणा असतील तर ४००.

हिशोब करून बघा. ए० कागद ३०० डीपीआयला रंगीत घेतला तर साधारण ४१८ एमबी, ६०० ला त्याच्या चौपट. असे ५०० कागद म्हणजे ३०० लाच २०९ जीबी. हार्डडिस्क दोन घ्या, एक दुसऱ्या जागी ठेवा. मूळ प्रत टिफमध्ये, गिऱ्हाइकाला द्यायची जेपेग किंवा पीडीएफ. आणि काळा-पांढरा दिसणारा जुना नकाशाही रंगीतच घ्या. लाल शाईच्या रेघा आणि फिकट अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या नकला) काळ्या-पांढऱ्यात गायब होतात.

वेगाचा खरा हिशोब

मशीनचा वेग सेकंदाला किती इंच असा सांगतात. ए० ची लांबी जवळपास ४७ इंच. सेकंदाला ३ इंच म्हटलं तर १६ सेकंद, ६ इंच म्हटलं तर ८. वाटतं, काम दुप्पट होईल. पण घडी उघडणं, धूळ झटकणं, सरळ लावणं, फाइलला गावाचं नाव आणि गट नंबर देणं, यात दोन मिनिटं जातात. म्हणजे तासाला आधी २६ कागद, आता २८. त्या दोन कागदांसाठी किती पैसे मोजायचे ते तुम्हीच ठरवा.

सारख्या मापाच्या, घडी नसलेल्या ड्रॉइंगचा गठ्ठा असेल आणि हाताळायला अर्धंच मिनिट लागत असेल, तर तासाला ७८ चे जवळपास ९५ होतात. तिथे वेग कामाचा. फक्त मशीन यूएसबी २ वर जोडलेलं नको. ४१८ एमबी तिथून सरकायला दहा-बारा सेकंद सहज जातात आणि मशीन मध्येच थांबत-थांबत ओढतं.

डेमोला स्वतःचे कागद न्या

डेमोचा गुळगुळीत रंगीत तक्ता बाजूला ठेवायला सांगा आणि आपले वीस काढा. त्याबरोबर एक ट्रेसिंग फिल्म न्या. तिच्यावर स्टीलच्या पट्टीनं मोजून बारीक पेननं ९०० मिमी अंतरावर दोन खुणा करा, लांबीच्या दिशेनं. अशीच जोडी रुंदीच्या दिशेनं, जेवढी बसेल तेवढी. ३०० डीपीआयला ९०० मिमीचे १०,६३० पिक्सेल यायला हवेत. दहा-अकरा इकडे-तिकडे म्हणजे ०.१ टक्का, चालेल. लांबीत फरक आला तर रोलर सरकतोय, रुंदीत आला तर कॅमेऱ्यांच्या जोडात गडबड.

एवढं काटेकोर का, तर एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट, अशा प्रमाणाच्या गावनकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २६ फूट. गुंठ्याची बाजूच ३३ फुटांची! तरी स्कॅनवरून बांध ठरवू नका, जुना कागद स्वतःच आक्रसलेला असतो. त्याला सरकारी मोजणीच हवी.

धूळ, वीज, मेकॅनिक

आमचं पहिलं मशीन जुनं घेतलेलं, विकणाऱ्यानं "काच एकदम साफ" म्हणून दिलेलं. एके सकाळी चाळीस ड्रॉइंग काढली, संध्याकाळी उघडून बघतो तर प्रत्येकावर वरपासून खालपर्यंत एकाच जागी बारीक उभी रेघ. काचेवर कापसाचा एक तंतू. शेजारी जिनिंग, आणि हंगामात दार उघडं. चाळीसही पुन्हा काढली, पैसे न घेता.

तेव्हापासून दर वीस कागदांनी एक फाइल पूर्ण मापात उघडून बघतो. काच सकाळी मऊ कापडानं पुसायची, मग मशीनबरोबर आलेल्या पांढऱ्या शीटनं कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे मशीनला खरा पांढरा रंग दाखवायचा. म्हणून मशीन घेताना बघा की झाकण हातानं उघडतं का, काच आपल्याला पुसता येते का, की त्यालाही इंजिनिअर लागतो.

इंजिनिअर कुठून येणार, हेही लेखी घ्या. नाशिक-पुण्याहून येणार असेल तर किती दिवसांत, आणि येण्या-जाण्याचा खर्च एएमसीत (वर्षाच्या देखभाल करारात) धरलाय का. रोलर आणि काच सुटी मिळते का, तेही विचारा. यूपीएस मशीनला आणि कॉम्प्युटरला, दोघांनाही. अर्धा नकाशा आत असताना लाइट गेली तर ओढून काढायचा नाही. कागद हातानं कसा मोकळा करायचा, ते डेमोच्या दिवशीच करून दाखवायला लावा.