सातोमी वातानाबेची मॅच बघावी कशी

माझ्याकडे स्क्वॉश शिकायला येणाऱ्या मुलांना मी सातोमी वातानाबेची मॅच बघायला लावतेच. १९९९ साली योकोहामात जन्मलेली ही मुलगी बेसबॉलवेड्या जपानमधून येऊन स्क्वॉशमध्ये जगातल्या पहिल्या दहांत पोचली. मला तिचं फार कौतुक आहे.

पहिल्या गेमला चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त तिच्या पायांकडे. फटका मारला की ती कोर्टाच्या मधल्या 'टी'कडे वळते. समोरचीची रॅकेट चेंडूला लागायच्या आत ती तिथे पोचली, तर वहीत एक रेघ ओढा. पोचली नाही, तर फुली. अकरा गुणांचा गेम संपला की मोजा. फुल्या कुठल्या कोपऱ्यातून आल्या, तेही लिहा. खरी गंमत तिथेच आहे.

दुसऱ्या गेमला तिचे ड्रॉप, म्हणजे समोरच्या भिंतीजवळच पडणारे हलके फटके, बघा, पण लगेच नक्कल नको. टिन म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाची पट्टी, चेंडू तिच्या वर लागायला हवा. व्यावसायिक सामन्यांत ती ४३ सेंटिमीटर उंच असते, आपल्याकडे क्लबात ४८. तेवढ्याच उंचीवर मारलात तर टिन ठण्णकन वाजणार. आधी टिनच्या वीतभर वर खडूची रेघ मारा आणि तिच्या वरच चेंडू ठेवा. दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास.