हाराकेके: पातं कापण्यापासून विणायच्या पट्टीपर्यंत

माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. त्यांची केते (टोपली) किंवा फारिकि (चटई) चांगली व्हायची तर अर्धं काम विणायला बसण्यापूर्वीच होतं. त्यासाठी लागतं हाराकेके, म्हणजे न्यूझीलंडचं फ्लॅक्स. फ्लॅक्स म्हणजे जवस, पण नाव सारखं असलं तरी जवसाशी त्याचं नातं नाही. पाती तलवारीसारखी, दोन-तीन मीटरपर्यंत वाढणारी, आणि पंख्यासारख्या जुड्यांनी उगवणारी.

आधी जुडी नीट पाहा. मधला कोवळा कोंब म्हणजे रितो, मूल. त्याला दोन्ही बाजूंनी बिलगलेली पाती म्हणजे आईबाप. या तिघांना सुरी लावायची नाही. कापायची ती बाहेरची, आजी-आजोबांची पाती. हा रिवाज आहेच, पण झाडाच्या जिवाचाही प्रश्न आहे: रितो गेला की ती जुडी वाढत नाही. ‘रितो उपटलात तर कोमाको पक्षी कुठे गाईल?’ ही माओरी म्हण याच झाडावरची आहे.

कापणीआधी काराकिया (प्रार्थना) म्हणतात. पावसात, रात्री किंवा फुलोऱ्याच्या दिवसांत पाती काढत नाहीत. सुरी धारदार हवी. काप बुंध्याजवळ, तिरका, मधल्या कोंबापासून बाहेरच्या बाजूला उतरता घ्या. आडवा काप घेतला तर पाणी साचून बुंधा कुजतो. कापलेल्या पात्यांना ओलांडून जाऊ नका.

आता बुंध्याकडचा कडक भाग काढा. पातं उभं चिरून मधली जाड शीर आणि दोन्ही रंगीत कडा वेगळ्या करा. उरलेल्या भागाच्या अंगठ्याच्या नखाने उभ्या पट्ट्या पाडा. नवशिक्याने १ सेंटिमीटर रुंदी धरावी. पहिली पट्टी माप म्हणून जवळ ठेवा. रुंदी कमीजास्त झाली की विणीत भोकं पडतात.

पुढची पायरी हापिने, आणि घाई होते ती इथेच. पट्टीची निस्तेज बाजू सुरीच्या बोथट पाठीवर टेकवा, अंगठ्याने दाबा आणि पट्टी ओढून घ्या. ओलावा निघतो, पट्टी मऊ होते. हे टाळलं तर पट्टी वळताना ताठ राहते, सुकताना गुंडाळते. जोर जास्त झाला तर आतले धागे तुटतात. दोन-तीन हलके हात पुरेत.

पट्ट्या लगेच विणायच्या नसतील तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सावलीत टांगा. आकसण्याचा बराचसा भाग इथेच उरकतो, रंगही फिका होतो. सुकलेल्या पट्ट्या वापरायच्या वेळी ओल्या कापडात गुंडाळा. पाण्यात भिजत घालू नका. त्या फुगतात आणि विणलेली केते सुकल्यावर सैल पडते.

कडा, शिरा, तुकडे कचऱ्यात जात नाहीत. ते गोळा करून मातीला परत देतात.