बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नका

बाळंतिणीला ताप आला की घरात एक वाक्य ठरलेलं असतं, ‘दूध उतरलंय, जाईल.’ कधी ते खरंही असतं, पण गर्भाशयाचा किंवा लघवीचा जंतुसंसर्गही असाच सुरू होतो. म्हणून बाळाच्या लंगोटांबरोबर पिशवीत एक थर्मामीटर टाका. पहिल्या सहा आठवड्यांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सुरुवात लघवीपासून. प्रसूतीनंतर सहा तासांत ती व्हायला हवी. झाली नाही तर नर्सला सांगा. पहिले काही दिवस लघवी लागल्याची जाणीवच नीट होत नाही, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी आपणहून जा. टाके झोंबतील म्हणून रोखून धरू नका. लघवी करता करता मगभर कोमट पाणी पुढून सोडत राहिलं की आग बरीच कमी होते. धुताना, पुसताना हात पुढून मागे. टाक्यांवर डेटॉल नको. आत पाणी मारून धुणं तर नकोच.

‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हे खुशाल कानाआड करा. बाळाला पाजायला बसताना शेजारी तांब्या-भांडं हवंच. सिझेरियनला लघवीची नळी घातलेली असते, तिच्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. तिथे तर पाण्यात कसूर नको.

पॅड साधारण चार तासांनी बदला, आधी आणि नंतर हात धुवा. कापड वापरत असाल तर ते उन्हात वाळवा. दाराआडच्या दोरीवर, परकराखाली लपवलेलं कापड दमटच राहतं. आणि शेक-शेगडी कितीही प्रिय असली तरी टाक्यांना धुरी देऊ नका.

अंगावरून जाणं तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी-गुलाबी, पुढे पिवळसर-पांढरं होत चार ते सहा आठवड्यांत थांबतं. त्याला रक्ताचा साधा वास असतो. कुजका वास आला, ओटीपोट दुखू लागलं किंवा टाक्यांतून पू आला, तर थांबू नका. जळजळ आणि थेंब थेंब लघवी म्हणजे मूत्राशयाचा संसर्ग असू शकतो. सोबत थंडी वाजून ताप आणि कुशीत, पाठीत दुखत असेल तर तो मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यायची. तपासणीला लघवी देताना आधी धुऊन घ्या, पहिली धार सोडा आणि मधली धरा, नाहीतर अंगावरचं त्यात मिसळतं. अंगावर पाजतेय हे डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते त्याला चालणारं औषध देतील. दूध स्वतःहून तोडू नका, गोळ्याही अर्ध्यावर सोडू नका.

तासाभरात पॅड भिजत असेल, धाप लागली किंवा बाळंतीण गुंगीत बरळू लागली, तर लगेच १०८ ला फोन लावा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचं वजन करत असतात तेव्हाच आपलंही सांगून टाका. सगळ्यांसमोर संकोच वाटला तर म्हणा, ‘ताई, जरा आत येता का?’