न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्या पक्षाला मत द्यायचंय? आधी हे बघा

नुकतं नागरिकत्व मिळालेली आपली मंडळी निवडणूक जवळ आली की हमखास विचारतात, "ताई, डेमोक्रॅट नको, रिपब्लिकनही नको. तिसऱ्याला दिलं तर मत फुकट जाईल का?" याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: पद कुठलं, राज्य कुठलं आणि मतपत्रिकेवरची ओळ कुठली (प्रत्येक पक्षाची ओळ वेगळी असते). मी लाँग आयलंडवर राहते आणि छोट्या पक्षांसाठी सह्या गोळा करते, तेव्हा न्यूयॉर्कपुरतं नीट सांगते.

सगळ्यात आधी पद बघा. राष्ट्राध्यक्षपदाला तिसऱ्याची वाट सर्वात अवघड. 1992 मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना देशभरात जवळपास 19 टक्के मतं मिळाली आणि इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, ज्यांच्यावर राष्ट्राध्यक्ष ठरतो) शून्य. 1968 मध्ये जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच मिळाली, पण ती दक्षिणेत एकवटलेली होती, म्हणून पाच राज्यं आणि 46 इलेक्टोरल मतं पदरात पडली. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पहिला येईल त्याला तिथलं सगळं मिळतं. पसरलेल्या मतांना किंमत नाही. आमच्या सांगलीत 2024 च्या लोकसभेला विशाल पाटील अपक्ष निवडून आले, कारण मतं एकाच मतदारसंघात होती आणि स्थानिक काँग्रेसचे कार्यकर्ते त्यांच्यामागे उभे होते. पेरोंकडे असा बालेकिल्ला एकाही राज्यात नव्हता.

चुरशीच्या राज्यात मत फुटण्याची भीती खरी असते. 2000 मध्ये फ्लोरिडात बुश यांनी गोर यांना 537 मतांनी हरवलं आणि तिथे ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मतं होती. तुम्ही पेनसिल्व्हेनियात राहत असाल तर दगडापेक्षा वीट मऊ हा विचार करावाच लागेल. न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे इथे मन मोकळं ठेवता येतं.

आता न्यूयॉर्कची खरी सोय. इथे एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींवर उभा राहू शकतो आणि दोन्हीकडची मतं बेरजेत धरतात. 2025 मध्ये जोहरान ममदानी यांचं नाव महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज (हा छोटा पक्ष) अशा दोन ओळींवर होतं. छोट्या पक्षाच्या ओळीवरचा गोल भरलात तर मत त्याच उमेदवाराला जातं आणि त्या पक्षाची ताकदही मोजली जाते. दोन्ही गोल मात्र भरू नका. तसं केलंत तर मत पहिल्या, म्हणजे मोठ्या पक्षाच्या ओळीवर धरलं जातं.

गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ही ओळ फार मोलाची. 2020 पासून पक्षाला मान्यता, म्हणजे मतपत्रिकेवरची हक्काची जागा, टिकवायला दर दोन वर्षांनी किमान 1 लाख 30 हजार किंवा 2 टक्के, यातली जी संख्या मोठी तेवढी मतं लागतात. पूर्वी चार वर्षांतून एकदा 50 हजार पुरायची. ग्रीन आणि लिबर्टेरियन दोन्ही पक्षांची मान्यता त्यात गेली. मान्यता नसेल तर राज्यपातळीवरच्या पदासाठी उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर यायला मतदारांच्या 45 हजार सह्या लागतात, त्याही सहा आठवड्यांत. आधी 15 हजार लागायच्या. परिणाम असा की 2022 च्या गव्हर्नर निवडणुकीत आणि 2024 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत मतपत्रिकेवर दोनच नावं छापली होती. मतदाराच्या हातातली निवड अशी कमी करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच मी उन्हात टेबल लावून बसते.

सह्यांना मदत करणार असाल तर रकाने बारकाईने बघा. हिक्सव्हिलमध्ये इंडियन ग्रोसरीच्या दुकानाबाहेर आमचं टेबल असतं. 'टाउन किंवा सिटी' या रकान्यात लोक सवयीने हिक्सव्हिल लिहितात, कारण टपालावर तेच असतं. हिक्सव्हिलचं टाउन ऑयस्टर बे आहे. तेच लिहायला हवं, नाहीतर दुसऱ्या बाजूने आव्हान दिल्यावर सही बाद होऊ शकते. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्यांनी तिथे काउंटी लिहायची: फ्लशिंगवाल्यांनी क्वीन्स, ब्रुकलिनवाल्यांनी किंग्स. एक मावशी पेन घेऊन म्हणाल्या, "ह्यांचीही मीच करते, ते गाडीत बसलेत." मी कागद घेऊन गाडीपाशी गेले. घरच्यांची सही घरच्यांनी करायची नाही, म्हणजे नाही. दुसऱ्या बाजूचे वकील एकेक सही तपासतात, म्हणून लागतात त्यापेक्षा बऱ्याच जास्त गोळा करा.

एच-1बी (नोकरीच्या व्हिसा) वर असलेल्यांना सही करता येत नाही (त्यासाठी नोंदणीकृत मतदार असावं लागतं) आणि देणगीही देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते. पगार न घेता पत्रकं वाटायला, फोन करायला दोघांनाही मुभा आहे.

वेळ आणि पैसा थोडाच असेल तर तो गावच्या निवडणुकीत घाला. व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टनला 1981 मध्ये बर्नी सँडर्स अपक्ष म्हणून अवघ्या दहा मतांनी महापौर झाले. त्यांच्याभोवती जमलेल्या लोकांमधून पुढे प्रोग्रेसिव्ह पार्टी उभी राहिली. तिचे लोक राज्याच्या विधिमंडळात गेले आणि 2024 मध्ये बर्लिंग्टनचं महापौरपदही पुन्हा त्या पक्षाकडे आलं. दहा मतं म्हणजे आपल्याकडच्या गणपतीच्या आरतीला जमणाऱ्यांपेक्षाही कमी.

मतदार नोंदणी करताना पक्षाचा रकाना घाईत भरू नका. न्यूयॉर्कमध्ये पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांनाच मत देता येतं, आणि शहरात बऱ्याच जागांचा निकाल डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लागतो. नाव वर्किंग फॅमिलीजमध्ये नोंदवलंत तर ती प्रायमरी हातची जाते. म्हणून माझा सल्ला असा: नोंदणी तुमच्या भागात निकाल जिथे लागतो त्या पक्षात ठेवा आणि नोव्हेंबरमध्ये मत छोट्या पक्षाच्या ओळीवर द्या. पक्ष बदलायचा असेल तर अर्ज 14 फेब्रुवारीपर्यंत पोचवा. त्यानंतर आलेला बदल जूनची प्रायमरी होऊन गेल्यावरच लागू होतो.