टॉलरन्सच्या सॉफ्टवेअरला पेटंट काढताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत कॅडवर (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, लावणारी पोरं आता पुष्कळ, कुणीतरी मॅक्रो (छोटा प्रोग्रॅम) लिहितो, स्टॅक-अप, म्हणजे सगळ्या पार्टचे फरक मिळून एकूण किती ते, आपोआप निघायला लागतो आणि लगेच पेटंटचा विचार, मग पेटंट ऑफिसातल्या एक्झामिनरचा रिपोर्ट येतो की हे तर ऑब्वियस, म्हणजे जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "आधी हातानं करायचो, आता कॉम्प्युटर करतोय" एवढ्यावरच क्लेम (हक्क कशावर मागतोय ते) लिहिणं. ४ पार्ट, प्रत्येकी ±०.०५ मिमी, वर्स्ट केसनं (सगळ्या फरकांची सरळ बेरीज) ±०.२० आणि आरएसएसनं (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) ±०.१०, हे गणित त्या कामातल्या कुठल्याही जाणकाराला येतंय की, मॉन्टे कार्लो (रँडम आकडे टाकून पुष्कळदा गणित करून बघणं) पण जुनंच. वरनं पेटंट कायद्याचं कलम ३(के) आहेच, नुसता प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम पेटंटला चालत नाही. तुमचं टूल डेटम (माप जिथनं धरतात ती जागा) वेगळ्या रीतीनं निवडत असेल आणि त्यामुळं मशीनवर रिजेक्शन खरंच कमी होत असेल तर ते लिहा, आणि जुन्या पद्धती माहीत असलेल्याला ही रीत सहज का सुचली नसती तेही लिहा.

"पण माझ्यामुळं पैसे वाचतात की" असं बरेच जण म्हणतात. कलम २(१)(जेए) मध्ये आर्थिक महत्त्व आहे खरं, पण ऑब्वियस नसणं त्याच्या जोडीला लागतंच, अर्धंच कलम वाचून भांडायला जाऊ नका. "असं अजून कुणी केलं नाही" म्हणजे नवीनता झाली, तो मुद्दा वेगळा.

ट्रायलचे आकडे फाइल करतानाच स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या वर्णनात) घाला, नंतर नवीन माल आत घुसवायला कलम ५९ आडवं येतं.

आणि अर्ज मुंबईला नाही, चेन्नईला! सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं काय व्हायचं ते होऊ दे, पेटंटला मात्र कर्नाटक चेन्नई ऑफिसाखाली येतं. एक्झामिनरच्या रिपोर्टला ६ महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, ते कपाटात ठेवून गणपती-दिवाळी करत बसू नका.

आता दुसऱ्याच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांचं. ३ जुने पेपर समोर ठेवून "सगळं यातच आहे" म्हटलं की झालं असं वाटतं, पण उत्तर हातात असताना मागं वळून बघितलं तर कुठलंही कोडं सोपंच दिसणार. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या केएसआर निकालानं जुने तुकडे जोडून ऑब्वियस ठरवायचं हे जोडकाम थोडं सैल केलं तरी, ते तुकडे जाणकार माणसानं का जोडले असते याचं कारण तिथंही द्यावं लागतंच. आपल्याकडं पेटंट मंजूर झाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून विरोधाला १ वर्ष, ते हुकलं की रिव्होकेशनसाठी (पेटंट रद्द करून घ्यायला) हायकोर्ट, आणि तिथला वकील काय घेतो ते आधी विचारून बघा.