पिक्चरचे सीन दाखवून इंग्लिश बोलायला शिकवताय? मग या चुका टाळा

दर उन्हाळ्यात नव्या बॅचेस सुरू झाल्या की ओळखीतल्या कुणा ना कुणा टीचरचा मेसेज येतोच, "ताई, कॉन्व्हर्सेशनसाठी मुलांना कुठला पिक्चर दाखवू?" आणि मी दरवेळी तेच सांगते, पिक्चर नको विचारूस गं, त्यातलं कुठलं मिनिट ते विचार. मी नाशिकला तेरा वर्षं स्पोकन इंग्लिश शिकवतेय, डिप्लोमा झालेली मुलं, नर्सिंगच्या मुली, लेक परदेशात असलेल्या काकू असे सगळे येतात, आणि पिक्चरचे सीन हे माझं सगळ्यात लाडकं साधन आहे. म्हणूनच त्याची वाट लावलेली बघितली की जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सीन पाठ करून घेणं. ही मी स्वतः केलीये. विल स्मिथचा 2006 चा 'द परस्यूट ऑफ हॅपीनेस', त्यातला इंटरव्ह्यूचा सीन बहुतेक क्लासेसमध्ये फिरत असतो. रात्र कोठडीत काढलेला माणूस रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांत तसाच इंटरव्ह्यूला येऊन बसतो आणि खरं खरं सांगून समोरच्यांना जिंकतो. माझ्याकडे सिन्नरहून येणारा एक मेकॅनिकल डिप्लोमाचा मुलगा होता, अतिशय मेहनती, त्याने तो सीन पंधरा दिवसांत असा बसवला की कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं जागच्या जागी. अख्ख्या बॅचने टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात त्याचा नाशिकच्या अंबड इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत खरा इंटरव्ह्यू होता. तिथे त्याला विचारलं काय, तर नाईट शिफ्ट असली तर सिन्नरहून कसं जमवशील? एवढंच. प्रश्न त्याला समजला होता, उत्तरही तयार होतं, सिडकोत मामाकडे राहणार होता. पण इतके दिवस तोंडाला वळण लागलं होतं ते दुसऱ्याच्या वाक्यांचं, "आय विल स्टे विथ माय अंकल" हे पाच-सहा शब्द काही जुळेनात आणि तो "सर, आय... सर" करत गप्प झाला. संध्याकाळी क्लासला येऊन म्हणाला, "मॅडम, माझी ओळ आलीच नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तो ओळीची वाट बघत होता, आणि ती सवय त्याला मी लावली होती.

तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये पाठांतर बंद. सीन दोनदा सलग दाखवते, तिसऱ्यांदा पिक्चरमधल्या माणसाने प्रश्न विचारला की पॉज, आणि उत्तर समोर बसलेल्याने स्वतःचं द्यायचं. तीन जणांची तीन उत्तरं झाली की मगच पिक्चरमधलं उत्तर ऐकायचं. काकूंच्या बॅचला मी 2012 च्या 'इंग्लिश विंग्लिश'मधला कॉफी शॉपचा सीन लावते, पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कमध्ये काउंटरसमोर उभी आहे आणि पलीकडची बाई प्रश्नावर प्रश्न फेकतेय, एकाचं उत्तर होईपर्यंत दुसरा. मी पहिल्याच प्रश्नाला पॉज केला तर न्यू जर्सीला लेकीकडे जाणार असलेल्या एक काकू पदर सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्लीज स्लोली. वन कॉफी. हॉट." बस, झालं की काम! कॉफी मिळाली असती. व्याकरण त्या दिवशी मी काढलंच नाही. पुढच्या वेळी त्यातच "कुड यू से इट स्लोली, प्लीज" बसवलं, ते त्यांना आपोआप पटलं, कारण त्याची गरज त्यांना आधीच कळली होती.

याच्याच जोडीला अजून एक. सगळे जण बोलणाऱ्याकडे बघतात, ऐकणाऱ्याकडे कुणी बघत नाही. आपण मराठीत समोरचा बोलत असताना गप्प बसतो का? हं, हो का, अगं बाई, मग काय झालं, हे चालूच असतं. इंग्लिशमध्येही "रिअली?", "ओ नो", "दॅट्स ग्रेट" हे लागतं, नाहीतर समोरच्याला वाटतं याला कळतच नाहीये. म्हणून प्रत्येक सीन एकदा फक्त ऐकणाऱ्या माणसासाठी बघायचा.

मराठी किंवा हिंदी सबटायटल लावू नका. डोळे वाचत बसतात आणि कान झोपतात. इंग्लिश सबटायटलसुद्धा पहिल्या फेरीला नकोत, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा धरू नका, दोन ओळींत बसवायला बोलणं बऱ्याचदा आखडलेलं असतं. माझा क्रम ठरलेला आहे: आधी आवाज बंद करून नुसतं बघायचं आणि काय बोलत असतील ते ओळखायचं, मग आवाज, मग इंग्लिश सबटायटल, आणि शेवटी परत सबटायटलशिवाय.

आता माझा दुसरा हट्टाचा विषय, स्पीड. नवीन मुलांना घाई असते, त्यांना पहिल्या झटक्यात सगळं समजायला हवं असतं, मग टीचर पण 0.5 वर सीन लावून मोकळे होतात. पण अर्ध्या स्पीडला सगळेच शब्द ताणले जातात आणि कुठला शब्द जोरात आला, कुठला गिळला, ती लयच हरवते, आणि इंग्लिशचा अर्ध्याहून जास्त अर्थ त्या लयीत असतो. उदाहरण देते. माझी एक विद्यार्थिनी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होती, अमेरिकेतल्या माणसाशी फोनवर बोलणं व्हायचं. तो म्हणाला गुरुवारी जमणार नाही, "वी कॅन्ट", हिने ऐकलं "वी कॅन", आणि गुरुवारची सगळी तयारी करून बसली. चूक तिच्या कानाची नव्हती, तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. अमेरिकन माणूस साध्या वाक्यात 'कॅन' पूर्ण म्हणतच नाही, ते नुसतं 'क्न' होतं आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. उलट नकार असतो तेव्हा 'कॅन' ठसठशीत ऐकू येतं आणि शेवटचा ट तोंडातच अडकतो. म्हणजे आपल्या कानाला जिथे स्वच्छ 'कॅन' ऐकू येतं तिथे बऱ्याचदा 'नाही' असतं! फक्त "येस, आय कॅन" असं वाक्य तिथेच संपलं तर ते पूर्ण म्हणतात. ब्रिटिश लोक 'कान्ट' म्हणतात, आ लांब, तिथे गोंधळ होत नाही. म्हणून मी एक अमेरिकन आणि एक ब्रिटिश सीन शेजारी शेजारी लावते आणि मुलांना बाकावर बोटाने ताल धरायला लावते, जोराचा शब्द आला की टकटक. 'क्न गो' ला एक ठोका, 'कॅन(ट) गो' ला दोन. दहा मिनिटांत कान बसतो.

अगदीच अवघड असेल तर 0.8, त्याखाली नाही. आणि स्पीड कमी करण्यापेक्षा मागे जा. विंडोजवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये शिफ्ट धरून डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे जातं, तेवढं एक वाक्य दहादा ऐकवा. माऊसने पट्टी ओढत बसू नका, त्यात मुलांचं लक्ष जातं.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

अख्खा पिक्चर दाखवू नका, दोन तास करमणूक होते आणि बोलणं शून्य. दीड मिनिटाचा सीन एका तासाला पुरतो.

हाणामारी, पाठलाग, लांबलचक भाषण, हे सीन नकोत. दोन माणसं, एक खोली, एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा लगेच देत नाहीये, असा सीन शोधा.

'द टर्मिनल'मधल्या टॉम हँक्सची नक्कल करायला लावू नका. पिक्चर गोड आहे, पण ते पात्र परदेशी आहे आणि त्याचं इंग्लिश मुद्दाम मोडकं ठेवलंय. ते समजून घ्यायला वापरा, बोलायला नाही.

ॲक्सेंटच्या मागे लागू नका. नाशिकच्या मुलाने अमेरिकन हेल काढायची काही गरज नाही. मी फक्त दोन गोष्टी धरते, शब्दातला जोर आणि 'झेड'चा उच्चार. 'झू' म्हणू नका, आपल्या 'जागा'मधला ज आठवा, तो बराच जवळ जातो.

लॅपटॉपच्या स्पीकरवर वीस मुलांना ऐकवू नका. मागच्या बाकावरच्याला ऐकूच येत नाही आणि तो ते सांगतही नाही, त्याला वाटतं आपलंच इंग्लिश कच्चं आहे. साधा बाहेरचा स्पीकर आणा आणि पहिला सीन एकदा स्वतः मागच्या बाकावर बसून ऐका.

आणि सीन शोधून ठेवायचे असतील तर पिक्चरच्या नावाने ठेवू नका. माझ्या वहीत पानांची नावं अशी आहेत: नाही म्हणणं, पैसे मागणं, माफी, पत्ता विचारणं, साहेबांकडे सुट्टी. प्रत्येक पानावर पिक्चर, मिनिट, सेकंद, आणि समोर एकच प्रश्न जिथे मी पॉज करते. सिन्नरच्या त्या मुलानंतर मी एक नवीन पान सुरू केलं, 'न ठरवलेला प्रश्न'. त्यात आजवर एकतीस सीन झालेत.