गाण्यांचा मोठा संग्रह मेमरी कार्डवर उतरवताना

हजारो गाण्यांचा संग्रह संगणकावरून म्युझिक प्लेअरच्या मायक्रोएसडी कार्डवर न्यायचा असेल, तर प्रत्यक्ष कॉपी करणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. खरी काळजी त्याआधीच घ्यावी लागते. ३२० केबीपीएसची एमपी३ फाइल मिनिटाला सुमारे २.४ एमबी जागा घेते, म्हणजे तासाभराच्या ख्यालगायनाला साधारण १४४ एमबी लागतात, आणि फ्लॅक (मूळ आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारा प्रकार) असेल तर बहुधा त्याच्या दुप्पट. ६४ जीबीच्या कार्डावर विंडोज ५९.६ जीबीच्या आसपासच जागा दाखवते, हेही हिशेबात धरावे.

फार स्वस्तात मिळालेले कार्ड आधी पारखून घ्यावे. बनावट कार्ड संगणकालाही खोटी क्षमता सांगते आणि खरी जागा संपल्यावर पुढच्या फाइली निमूटपणे खराब करते. रिकाम्या कार्डावर एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासण्याचे सॉफ्टवेअर चालवले, की ते पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून पाहते. वेळ बराच जातो, पण ही पायरी टाळू नये.

कार्डावर फाइली मांडण्याच्या एक्सफॅट आणि फॅट३२ अशा दोन पद्धती आहेत. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे सहसा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली येतात, आणि अनेक जुन्या प्लेअरना व गाड्यांमधल्या स्टिरिओंना फक्त फॅट३२ वाचता येते. प्लेअरच्या मेनूतच फॉरमॅटची सोय असेल, तर तीच वापरावी.

सर्वाधिक डोकेदुखी असते ती क्रमाची. साधे प्लेअर बऱ्याचदा नावाप्रमाणे नव्हे, तर फाइली कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने गाणी वाजवतात, त्यामुळे एखाद्या संगीत नाटकातली नांदी भरतवाक्यानंतर ऐकू येते. यावर उपाय म्हणजे नावांआधी 01, 02 असे इंग्रजी आकडे घालावेत, एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करावा आणि तरीही घोळ राहिलाच तर लिनक्सवरील फॅटसॉर्ट या सॉफ्टवेअरने कार्डावरील नोंदी नीट लावून घ्याव्यात. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात का, हे मात्र दोन-चार गाणी टाकून आधीच पाहावे. सगळा संग्रह चढवल्यावर नावे बदलत बसणे फार कंटाळवाणे असते.

कॉपीसाठी प्लेअरची केबल न वापरता कार्ड रीडर वापरावा. सेकंदाला २० एमबी वेग मिळाला, तरी ६० जीबीला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. मध्येच काम तुटले तर उरलेल्याच फाइली उचलणारे रोबोकॉपी (विंडोजवर) किंवा आरसिंक (लिनक्स व मॅकवर) हे कॉपीचे सॉफ्टवेअर अशा वेळी सोयीचे पडते. मात्र फॅट३२ फाइल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदवत असल्याने तेवढा फरक दुर्लक्षित करण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर न बदललेल्या फाइलीही पुन्हा कॉपी होऊ शकतात. मॅकवरून कॉपी केल्यास टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छुप्या फाइली कार्डावर येतात व काही प्लेअरवर न वाजणारी गाणी म्हणून दिसतात. त्या काढून टाकाव्यात.

शेवटी कार्ड ‘इजेक्ट’ करूनच बाहेर काढावे. प्लेअरमध्ये घातल्यावर तो सगळ्या गाण्यांची यादी नव्याने तयार करतो. मोठ्या संग्रहाला त्यासाठी काही मिनिटे लागू शकतात, आणि तोवर ते कार्ड काढू नये.